आधी क्षयाच्या गोळ्या, मग एआरटी

मला एचआयव्ही असल्याचे कळले ते क्षयरोगामुळे. आपल्याकडे हा क्रम नवलाचा नाही. क्षयरोग निघालेल्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी करायची आणि एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला दर भेटीत क्षयरोगाच्या लक्षणांविषयी विचारायचे, असा दोन्ही बाजूंनी बांधलेला नियम सरकारी दवाखान्यांत आहे. मी त्यातल्या पहिल्या बाजूने सापडलो आणि माझी पत्नी दुसऱ्या बाजूने. घर एक, विषाणू एक, क्षयाच्या जंतूंशी संबंध येण्याची शक्यताही सारखीच. तरी मला क्षयरोगाचा पूर्ण उपचार घ्यावा लागला आणि तिचे प्रतिबंधक गोळीवर निभावले. हा फरक कशाने पडला, आणि माझ्या उपचारांच्या मध्यावर जे घडले ते औषधे निकामी ठरल्यासारखे दिसत असताना प्रत्यक्षात काय होते, हे सविस्तर लिहिण्यासारखे वाटते, कारण त्या दिवसांत मला असे काही मराठीत वाचायला मिळाले असते तर बरीचशी भीती वाचली असती.

मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. २०२४ च्या पावसाळ्यात मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा खाली, हाताला एक गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणून काही दिवस तिकडे कोणी लक्ष दिले नाही. आईने ती पाहताच गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय, म्हटले आणि आंबेहळद व रक्तचंदन सहाणेवर उगाळून लेप लावायला सुरुवात केली. तिचे निदान पुढे बरोबर निघाले, उपाय तेवढा पुरेसा नव्हता. जवळच्या एका खासगी दवाखान्यात दाढ किडल्यामुळे गाठ आली असावी असे ठरले आणि एकामागून एक अँटिबायोटिकचे कोर्स झाले. त्यांपैकी एक लिव्होफ्लॉक्सासिनचा होता, आणि त्याने खरोखरच गाठ थोडी मऊ पडली, संध्याकाळची कणकण थांबली. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते, त्यामुळे रोग तात्पुरता दबतो आणि निदान लांबते, हे मला फार नंतर समजले. कोर्स संपल्यावर ताप परत आला, रात्री बनियन पिळून काढावे इतका घाम येऊ लागला आणि वजन सत्तेचाळीस किलोंवर आले. खोकला मात्र नव्हता. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, ही समजूत माझी होती तशी त्या दवाखान्यातील डॉक्टरांचीही असावी, कारण ती शक्यता कोणी तोंडातून काढली नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी गाठीतून सुईने नमुना घ्यायला हवा असे स्पष्ट सांगितले आणि मी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. नाशिककर त्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात. ठक्कर बाजारला सिटीलिंकच्या बसमधून उतरले की पायी जाता येते, हे माझ्यासारख्या त्या वेळी धाप लागणाऱ्या माणसाला सोयीचे होते. केसपेपर काढला, सर्जरीच्या ओपीडीत नंबर लावला आणि त्याच दिवशी सुई टोचली गेली. सिरिंजमध्ये फिकट पिवळा, घट्टसर पू आला. डॉक्टरांनी त्याचा थोडा भाग काचपट्टीवर पसरला आणि उरलेला एका निर्जंतुक बाटलीत घेतला. सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना ते म्हणाले की ही बाटली फॉर्मलिनची नाही ना ते आधी पाहा, कारण फॉर्मलिनमध्ये पडलेल्या नमुन्यातून जंतू वाढवता येत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते. ही गोष्ट मी येथे मुद्दाम नोंदवतो. गाठ काढून किंवा सुईने नमुना घेऊन ती फक्त पॅथॉलॉजीच्या, म्हणजे फॉर्मलिनच्या, बाटलीत पाठवली गेली आणि पुढे औषध-प्रतिकाराची तपासणीच करता आली नाही, असे अनुभव एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे (एआरटी) मिळतात त्या केंद्राच्या, रांगेत मी नंतर ऐकले.

थुंकीचीही तपासणी झाली आणि छातीचा एक्स-रे काढला. थुंकीत काही आढळले नाही, एक्स-रे स्वच्छ होता. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच गाठीतल्या पुवाचा सीबीनॅटचा अहवाल आला: क्षयाचे जंतू आहेत, पण रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारे नाहीत. सीबीनॅट यंत्र जंतूंची जनुकीय खूण शोधते आणि दोनेक तासांत जंतू आहेत की नाहीत हे सांगतानाच रिफाम्पिसिन लागू पडेल का हेही सांगते, म्हणून काचपट्टीपेक्षा त्याचा निर्णय मोलाचा. एचआयव्ही असलेल्यांच्या बाबतीत तर हा फरक फारच मोठा आहे. फुफ्फुसात पोकळी पडून जंतू थुंकीत उतरतात ते शरीराच्या प्रतिकारामुळेच. प्रतिकार क्षीण असला की पोकळी पडत नाही, थुंकी ‘निगेटिव्ह’ येते आणि रोग गाठींत, छातीच्या आवरणात, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात बसलेला असतो. हे सारे मला त्या दिवशी माहीत नव्हते. मला एवढेच कळले की आता आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, जायचे आहे.

आयसीटीसीतील समुपदेशक मॅडम म्हणाल्या, “दादा, टीबी निघालेल्या प्रत्येकाची ही तपासणी आम्ही करतोच. तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही. पण तुमची संमती लागेल.” मी सही केली. रक्ताच्या एकाच नमुन्यावर तीन वेगवेगळ्या किटने तपासणी करून मगच निकाल पक्का धरतात. तो आला. त्या दुपारबद्दल मी अधिक लिहिणार नाही. त्याविषयी लिहिलेले पुष्कळ आहे आणि माझे त्याहून निराळे नव्हते. पत्नीला मी त्याच संध्याकाळी सांगितले, एवढे पुरे.

यापुढचा भाग मात्र सावकाश सांगण्यासारखा आहे. एआरटी सेंटरला नोंदणी झाली, प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या रक्तातील सीडी फोर पेशी मोजल्या, त्या शंभराच्या आत निघाल्या. निरोगी माणसात त्या पाचशेच्या वर असतात. मला वाटले होते की एवढा आकडा पाहून एचआयव्हीच्या गोळ्या लगेच हातात ठेवतील. डॉक्टरांनी उलट सांगितले: आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतील, त्या पचल्या, यकृत ठीक राहिले की साधारण दोन आठवड्यांनी एआरटी. मी जरा हट्टाने विचारले की मूळ रोग तर तो आहे, मग त्याला थांबवून याला आधी का. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून जे समजावले ते मी माझ्या शब्दांत देतो.

क्षयाचे जंतू आपल्या देशात असंख्य प्रौढ माणसांच्या शरीरात असतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. श्वासातून आत आलेले जंतू शरीराच्या भक्षक पेशी गिळतात, त्यांच्याभोवती आणखी पेशी जमून एक घट्ट कोंडाळे तयार होते आणि जंतू त्या कोंडवाड्यात वर्षानुवर्षे पडून राहतात. मरत नाहीत आणि बाहेरही पडत नाहीत. या कोंडवाड्याची राखण सीडी फोर पेशींच्या हुकमावर चालते. एचआयव्ही नेमक्या याच पेशी संपवतो. एचआयव्ही नसलेल्या, पण जंतू शरीरात असलेल्या माणसाला उभ्या आयुष्यात क्षयरोग होण्याची शक्यता शेकडा पाच ते दहा असते. एचआयव्ही असून उपचार नसतील तर तेवढीच शक्यता एकेका वर्षाला असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्ही असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सोळा पट आहे, आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही क्षयरोगच आहे. २०२३ या एका वर्षात जगभरात अशी सुमारे १ लाख ६१ हजार माणसे क्षयाने गेली. म्हणजे मला त्या घडीला मारू शकणारा रोग क्षय होता, एचआयव्हीने फक्त दार उघडून दिले होते.

दुसरे कारण गोळ्यांचे. दोन्ही उपचारांतील औषधे यकृतावर ताण देतात, दोन्हींनी अंगावर पुरळ येऊ शकते, मळमळ तर ठरलेलीच. सगळे एका दिवशी सुरू केले आणि काही बिघडले, तर कोणते औषध थांबवायचे हे कळत नाही. तिसरे कारण त्यांनी सांगितले ते मला त्या वेळी नीट उमजले नाही. “प्रतिकारशक्ती परत येते ना, तेव्हा ती कधीकधी फार जोरात परत येते,” असे ते म्हणाले होते. मी मान डोलावली. त्याचा अर्थ पुढे मानेवरच कळला. डोके दुखते का, उलट्या होतात का, मान आखडते का, हेही त्यांनी फिरून फिरून विचारले, कारण मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर एआरटी दोन आठवड्यांत सुरू करत नाहीत, आणखी काही आठवडे थांबतात.

क्षयाच्या गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे असतात. एका गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चारही औषधे, आणि पस्तीस ते एकोणपन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज अशा तीन गोळ्या. पहिले दोन महिने चारही औषधे, नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-सिक्स जीवनसत्त्व, आणि सीडी फोर कमी असल्यामुळे इतर संसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोल. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असे सिस्टरने आधीच सांगून ठेवले होते, तरी पहिल्या सकाळी दचकायला झालेच. लाल आणि हिरवा रंग ओळखायला त्रास झाला तर लगेच या, हेही त्यांनी बजावले. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकते. स्टोअरमध्ये लाल-हिरव्या टॅगचा माल रोज हाताखालून जात असल्यामुळे माझी ही तपासणी आपोआप होत राहिली.

दोन आठवड्यांनी एआरटी सुरू झाली. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची मिळून एकच गोळी, ती रात्री. पण रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत सकाळी डोल्युटेग्राविरची आणखी एक सुटी गोळी घ्यावी लागते, दोहोंत बारा तासांचे अंतर ठेवून. रिफाम्पिसिनमुळे यकृत इतर औषधांचा निचरा वेगाने करू लागते आणि डोल्युटेग्राविरची एक गोळी दिवसभर पुरत नाही. ही दुसरी गोळी अनेकांना फालतू वाटते. रांगेतल्या एका गृहस्थांनी ती ‘जास्तीची’ म्हणून सोडून दिली होती आणि समुपदेशक मॅडम त्यांना अगदी घरच्या माणसासारख्या रागावत होत्या. पित्त झाल्यावर घ्यायच्या अँटासिडबद्दलही सूचना होती: डोल्युटेग्राविरच्या अलीकडेपलीकडे ते लगेच घ्यायचे नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. आमच्याकडे मिसळीचा रविवार त्यामुळे काही महिने बंद राहिला.

एआरटी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस उत्तम गेले. ताप गेला, भूक लागू लागली. आणि मग नोव्हेंबर सरता सरता, नाशिकची थंडी पडू लागली त्या सुमारास, आकसत आलेली गाठ पुन्हा वाढायला लागली. दोन-तीन दिवसांत ती आधीच्या दुप्पट झाली, वरची कातडी लाल आणि चकचकीत दिसू लागली, मान वळवता येईना, ताप एकशे दोनपर्यंत गेला आणि गळ्याच्या खालच्या अंगाला दुसरी गाठ हाताला लागली. आधीच्या महिन्यांत कधी न दुखलेली जागा आता उशीचा स्पर्श सहन करीना. आमच्या एका नातेवाइकांनी, ज्यांना फक्त टीबीचे ठाऊक होते, गोळ्या मानवत नाहीत त्या बंद कर आणि अमुक वैद्यांकडे चल असा धोशा लावला. माझ्या मनात वेगळेच चालले होते: औषधाला दाद न देणारा क्षय असणार, सीबीनॅटने सांगितले ते चुकले असणार.

एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी गाठ पाहण्याआधी गोळ्यांची पाकिटे मागितली आणि मोजली. एकही चुकलेली नाही हे पाहून ते माझ्यापेक्षा निश्चिंत दिसले. ते म्हणाले, “जंतू वाढलेले नाहीत, तुमची ताकद वाढली आहे.” एआरटीमुळे विषाणू झपाट्याने खाली जातो, सीडी फोर पेशी परत येऊ लागतात आणि इतके दिवस ज्या जंतूंकडे शरीराचे लक्षच नव्हते त्यांच्यावर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरसुद्धा, त्या तुटून पडतात. त्या लढाईची सूज म्हणजे ही गाठ. वैद्यकीय भाषेत याला आयरिस म्हणतात. सीडी फोर फार कमी असताना एआरटी सुरू झालेल्यांत, आणि ती सुरू झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत, हे विशेष दिसते. दोन आठवडे थांबण्याचे तिसरे कारण ते हेच होते.

मात्र त्यांनी नुसत्या विश्वासावर सोडले नाही. आयरिस म्हणण्यापूर्वी औषध-प्रतिकार, दुसरा एखादा संसर्ग आणि गोळ्या न घेणे या तिन्ही गोष्टी बाजूला सारायच्या असतात. चिरा न देता पुन्हा सुईनेच पू काढला. मी म्हटले की पुन्हा सीबीनॅट करा. ते नको म्हणाले, आणि त्याचे कारण मला सगळ्यांत उपयोगी वाटले: सीबीनॅट जंतूची खूण शोधते, जंतू जिवंत आहे की मेलेला हे त्याला कळत नाही. उपचार सुरू असलेल्या माणसात मेलेल्या जंतूंमुळे अहवाल कितीतरी दिवस ‘आहे’ असाच येऊ शकतो आणि रुग्ण उगाच हबकतो. म्हणून नमुना कल्चरला पाठवायचा, तिथे फक्त जिवंत जंतूच वाढतात. त्याला मात्र सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर क्षयाच्या गोळ्या आणि एआरटी दोन्ही तशाच चालू ठेवल्या आणि सूज उतरण्यासाठी प्रेडनिसोलोन दिले, हळूहळू कमी करत न्यायचे. हे स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय घ्यायचे नाही आणि मनाने एकदम थांबवायचेही नाही. ताप लवकरच उतरला. गाठ फुटून काही दिवस वाहत राहिली, शर्टाची कॉलर रोज बदलावी लागे, आणि कारखान्यात मफलर गुंडाळून बसायला थंडीचे निमित्त आयते मिळाले. कल्चरमध्ये काहीही उगवले नाही. ज्या दिवसांत मला औषधे हरली असे वाटत होते त्या दिवसांत ती जिंकत होती, आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडणारे लोक असतात, हे डॉक्टरांनी खेदाने सांगितले.

आता पत्नीविषयी. माझा निकाल आल्यावर तिची आणि मुलाची तपासणी झाली. मुलगा निगेटिव्ह, ती पॉझिटिव्ह. तिचे सीडी फोर पाचशेच्या वर होते, अंगात ताप नाही, वजन उतरलेले नाही. तिला एआरटी लगेच सुरू झाली आणि त्यासोबत क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिडची रोजची गोळी सहा महिने द्यायची ठरले. एचआयव्ही असलेल्यांना ही गोळी देण्यापूर्वी क्षयाची कातडीवरची मँटू चाचणी करावी लागत नाही. चार प्रश्न विचारतात. खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. चारही उत्तरे ‘नाही’ असतील आणि यकृताचा आजार, दारूचे व्यसन, पायांना मुंग्या असे काही नसेल, तर गोळी सुरू होते.

ती सिडकोतच एका पोळी-भाजी केंद्रावर काम करते. खोकल्याचा प्रश्न आला तेव्हा ती सहज म्हणाली, “खोकला नाही हो मॅडम, फोडणीचा ठसका आहे.” मॅडमनी पेन खाली ठेवला. “ताई, ठसका म्हणा की खोकला म्हणा, एक दिवसाचा असला तरी आम्ही तो खोकलाच धरतो.” इतरांसाठी दोन आठवड्यांचा खोकला ही मर्यादा आहे, एचआयव्ही असलेल्यांसाठी अशी मर्यादाच नाही. तिचा एक्स-रे, थुंकीचे सीबीनॅट असे सगळे झाले, काही निघाले नाही, आणि त्यानंतरच, म्हणजे जानेवारीत, गोळी सुरू झाली. या दिरंगाईने ती वैतागली होती. पण लपलेला क्षय असताना एकट्या आयसोनियाझिडवर माणूस ठेवला तर जंतू त्याच औषधाला सरावतात आणि मग खऱ्या उपचारातील एक हत्यार बोथट होते. प्रतिबंधक गोळी आणि उपचार यांच्यात हीच सीमारेषा आहे आणि ती त्या चार प्रश्नांवर उभी आहे. दर महिन्याला खिडकीशी तेच प्रश्न ऐकून लोक न ऐकताच ‘नाही, नाही’ म्हणून मोकळे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मला ते प्रश्न निदानापूर्वी कोणी विचारले असते तर चारपैकी तीन उत्तरे ‘हो’ आली असती.

एआरटी चालू असताना आणखी ही गोळी कशाला, अशी तिची शंका होती आणि ती रास्त होती. एआरटीने क्षयाचा धोका बराच उतरतो, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली येत नाही. आयव्हरी कोस्टमध्ये झालेल्या टेम्प्रानो या अभ्यासात लवकर एआरटी सुरू केलेल्यांनाही सहा महिन्यांच्या आयसोनियाझिडचा वेगळा फायदा दिसला, आणि पुढच्या वर्षांतील मृत्यूही कमी झाले. तिला हे पटले की मॅडमच्या सांगण्याच्या पद्धतीने पटले, कोण जाणे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली तर गोळी थांबवून लगेच यायचे, एवढे मात्र तिने फ्रिजवर कागद चिकटवल्यासारखे पक्के लक्षात ठेवले. तसे काही झाले नाही. काही ठिकाणी आता आठवड्यातून एकदा घ्यायचा, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचा बारा आठवड्यांचा कोर्सही दिला जातो. तिला रोजची गोळीच मिळाली.

पैशांचेही सांगायला हवे. क्षयरुग्णांना आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे दरमहा पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. माझे बरेच दिवस जमा झाले नाहीत, कारण पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक होता. ते दुरुस्त झाल्यावर पैसे आले, त्यांतून अंडी, शेंगदाणे आणि गूळ आला. वजन पन्नास ओलांडून गेले तेव्हा गोळ्या तिनाच्या चार झाल्या, आणि गोळी वाढल्याचा आनंद होण्याची ती माझ्या आयुष्यातील एकमेव वेळ. कारखान्यात मी रजेसाठी दिलेल्या दाखल्यावर फक्त मानेच्या गाठीचा क्षयरोग असे लिहिले होते. फुफ्फुसात रोग नसल्यामुळे तो माझ्यापासून कोणाला लागण्यासारखा नव्हता, तेही डॉक्टरांनी लिहून दिले. दुसऱ्या आजाराचे नाव मालकाला सांगण्याचे बंधन नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास आणि तिच्यावरून कामावरून काढण्यास मनाई आहे. पोळी-भाजी केंद्रावरही कोणाला काही माहीत नाही. ते तसेच राहील.

एप्रिलमध्ये क्षयाचा उपचार पूर्ण झाला. रिफाम्पिसिन थांबल्यावरही सकाळची डोल्युटेग्राविर आणखी दोन आठवडे घ्यावी लागली, कारण यकृताचा तो वेग लगेच ओसरत नाही. मेमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासला, त्यात विषाणू सापडला नाही; सीडी फोर दोनशेच्या पुढे गेले होते. आता मी मोकळा झालो असे मला वाटले होते, पण क्षय एकदा बरा झालेल्या एचआयव्हीबाधिताला तो पुन्हा होऊ शकतो, जुना उलटूनही आणि नवा लागूनही, म्हणून उपचार संपल्यावर मलाही सहा महिन्यांचे आयसोनियाझिड सुरू केले. पत्नीचा कोर्स जुलैत संपला, त्यामुळे सध्या घरात ती गोळी घेणारा मी एकटा आहे. कोट्रायमोक्साझोल अजून चालू आहे, सीडी फोर साडेतीनशेच्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत ते राहील. माझा कोर्स दिवाळीनंतर संपेल, आणि त्याच सुमारास यकृताची एक तपासणी व वर्षाचा व्हायरल लोड करायचा आहे, असे सिस्टरने कार्डावर लिहून दिले आहे.